११० जागांचा हिशेब

२९ डिसेंबर २०१७ रोजी इंदूरच्या होळकर स्टेडियमवर दिल्लीविरुद्ध रणजी करंडकाचा अंतिम सामना सुरू झाला, तेव्हा विदर्भाचा सर्वांत नावाजलेला वेगवान गोलंदाज संघात नव्हता. उमेश यादव दक्षिण आफ्रिका दौऱ्यासाठी भारतीय संघाकडे गेला होता. अकराजणांत आला आदित्य ठाकरे, आणि हा त्याच्या आयुष्यातला पहिलाच प्रथम श्रेणी सामना होता. दुसऱ्या टोकाला रजनीश गुरबानी. त्याने हॅटट्रिकसह ५९ धावांत ६ बळी घेतले, अक्षय वाडकरने १३३ धावा केल्या आणि विदर्भाने नऊ गडी राखून पहिल्यांदा करंडक जिंकला. नागपुरात या विजयाची गोष्ट हॅटट्रिकपासून सुरू होते, ते साहजिकच आहे. रणजीच्या अंतिम सामन्यातली ती केवळ दुसरी हॅटट्रिक होती. पण मला त्याहून बोलका वाटतो तो दुसरा आकडा. गुरबानीने त्या मोसमात ३९ बळी घेतले, तेही फक्त सहा सामन्यांत. विदर्भ एकूण नऊ सामने खेळला होता. म्हणजे मोसमातल्या एक तृतीयांश सामन्यांत जो अकराजणांत नव्हता आणि अंतिम सामन्याआधी जो एकदाही खेळला नव्हता, असे दोघे निर्णायक दिवशी संघाचा वेगवान मारा सांभाळत होते. फैज फजलच्या ९१२ धावा आणि वसीम जाफरचा अनुभव यांचे मोल यामुळे कमी होत नाही. मात्र करंडक आणणारा संघ आणि ऑक्टोबरात मैदानात उतरलेला संघ एकच नसतो, हे त्या मोसमाने दाखवून दिले. तरीही आपल्याकडे संघनिवडीची सगळी चर्चा पहिल्या अकराजणांभोवती फिरते. बाराव्या ते अठराव्या खेळाडूने कधी, किती आणि कशासाठी खेळायचे, हे मोसमाच्या आधी लिहून ठेवण्याची पद्धत विदर्भाने पाडावी, असे माझे म्हणणे आहे.

ही पद्धत नवी नाही. बास्केटबॉलमध्ये तिच्याशिवाय प्रशिक्षकाचे पानही हलत नाही. आंतरराष्ट्रीय नियमांनुसार सामना ४० मिनिटांचा, मैदानावर पाच खेळाडू, म्हणजे एका संघाकडे २०० खेळाडू-मिनिटे. अमेरिकेच्या एनबीएत सामना ४८ मिनिटांचा, म्हणून २४०. ही मिनिटे दहा-बाराजणांत वाटायची असतात आणि ते वाटप सामन्याच्या आधी कागदावर असते. कोण कितव्या मिनिटाला बाहेर येणार, त्याच्या जागी कोण जाणार, दोन मोठे खेळाडू एकाच वेळी बसू नयेत म्हणून कोणाला लवकर उठवायचे, हे सगळे ठरलेले असते. ह्यूस्टन रॉकेट्सने २०१७-१८ मध्ये जेम्स हार्डेन आणि ख्रिस पॉल या दोघांपैकी किमान एकजण जवळपास सतत मैदानावर राहील अशी आखणी केली आणि ६५ सामने जिंकले. सॅन अँटोनियो स्पर्सचे तत्कालीन प्रशिक्षक ग्रेग पोपोविच यांनी तर २०१३-१४ च्या मोसमात एकाही खेळाडूला सरासरी ३० मिनिटांवर जाऊ दिले नाही. त्या संघाने लीगमधले सर्वाधिक, ६२ विजय मिळवले आणि अंतिम फेरीत मायामीला ४-१ असे नमवले. पुढच्याच वर्षी गोल्डन स्टेटने मोसमभर बाकावर बसवलेल्या आंद्रे इग्वोडालाला अंतिम मालिकेत १-२ असे मागे असताना चौथ्या सामन्यात सुरुवातीच्या पाचात घेतले. उरलेले तिन्ही सामने संघाने जिंकले आणि मालिकेचा सर्वोत्तम खेळाडू ठरला तोच इग्वोडाला. बाकावर असणे म्हणजे कमी प्रतीचे असणे, हा समज त्या आठवड्यात तरी मोडीत निघाला.

यावर पहिला आक्षेप उघड आहे: क्रिकेटमध्ये खेळाडू बदलता येत नाहीत. आयपीएलमध्ये २०२३ पासून आलेला इम्पॅक्ट प्लेअरचा नियम आणि डोक्याला मार लागल्यावर मिळणाऱ्या बदली खेळाडूसारखे अपवाद सोडले, तर नाणेफेकीच्या वेळी दिलेले अकराजण हेच शेवटपर्यंत तुमचे. चार-पाच दिवसांच्या सामन्यात तर दमलेल्या गोलंदाजालाच पुन्हा चेंडू द्यावा लागतो. हे खरेच आहे, पण त्यामुळे नियोजनाची गरज कमी होत नाही. फक्त मोजण्याचे माप बदलते. बास्केटबॉलचा हिशेब मिनिटांचा, तर रणजीचा सामन्यांचा. एलिट गटातला संघ सात साखळी सामने खेळतो. अंतिम फेरीपर्यंत पोहोचला की दहा. दहा सामने गुणिले अकरा, म्हणजे मोसमाकाठी ११० जागा. त्या कोणाला किती द्यायच्या, हाच प्रश्न. उलट क्रिकेटमध्ये सामन्याच्या मध्यात चूक सुधारता येत नाही, म्हणून ती आधीच टाळण्याची गरज बास्केटबॉलपेक्षा जास्तच. दुखरी मांडी घेऊन उतरलेला वेगवान गोलंदाज पहिल्या सकाळी लंगडला, तर पुढचे चार दिवस त्याच्या वाट्याची षटके दुसऱ्या कोणाच्या तरी खांद्यावर पडतात, आणि मग पुढच्या सामन्यात तो दुसराही जायबंदी.

मोसमाचा आराखडा पाहिला की हे नुसते तर्कशास्त्र उरत नाही. २०२४-२५ मध्ये रणजी दोन तुकड्यांत खेळवली गेली. पहिल्या पाच फेऱ्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात. मग सय्यद मुश्ताक अली आणि विजय हजारे या पांढऱ्या चेंडूच्या स्पर्धा. आणि २३ जानेवारीपासून पुन्हा लाल चेंडू. विदर्भ विजय हजारेच्या अंतिम सामन्यात कर्नाटकाकडून हरला तो १८ जानेवारीला, बडोद्यात. म्हणजे ५० षटकांच्या अंतिम सामन्यानंतर पाचव्या दिवशी चार दिवसांचा सामना. त्यानंतर उपांत्यपूर्व फेरीत तामिळनाडू, उपांत्य फेरीत मुंबई, अंतिम फेरीत केरळ. जो संघ सगळ्या स्पर्धांत शेवटपर्यंत जातो, त्यालाच विश्रांती सर्वांत कमी मिळते. यशाची ही शिक्षाच म्हणायची. तेव्हा तहान लागल्यावर विहीर खणायला वेळ नसतो.

विदर्भाच्या स्वतःच्या इतिहासात या मुद्द्याला चांगले पुरावे सापडतात. २०१८-१९ चा मोसम घ्या. उपांत्य सामना केरळमधल्या वायनाडला, वेगवान गोलंदाजांना साथ देणाऱ्या खेळपट्टीवर. उमेशने १२ बळी घेतले, केरळचे डाव १०६ आणि ९१ धावांत आटोपले आणि सामना दुसऱ्याच दिवशी संपला. अंतिम सामना सौराष्ट्राविरुद्ध नागपूरजवळच्या जामठ्याला, आणि तिथे ११ बळी घेतले डावखुरा फिरकीपटू आदित्य सरवटेने. एका सामन्यात वेग, दुसऱ्यात फिरकी. दोन्ही हत्यारे धारदार होती, कारण दोघांनाही मोसमात काम मिळाले होते. आता पुढची सहा वर्षे ओलांडून याच कहाणीचा दुसरा भाग पाहा. सरवटे केरळकडे गेला. त्याची जागा भरणारा फिरकीपटू शोधायला विदर्भाला बाहेर जावे लागले नाही, कारण हर्ष दुबे डिसेंबर २०२२ पासून प्रथम श्रेणी क्रिकेट खेळत होता. २०२४-२५ मध्ये त्याने ६९ बळी घेतले. रणजीच्या एका मोसमातला हा विक्रम आहे. त्या जोडीला त्याच्या ४७६ धावा. योगायोग असा की २०२५ च्या अंतिम सामन्यात केरळकडून पहिल्या डावात ७९ धावा करून विदर्भाला सतावणारा सरवटेच होता. तरीही करंडक नागपुरातच राहिला. मोठा खेळाडू निघून गेल्यावर जी पोकळी पडते, ती दोन वर्षे आधी दिलेल्या सामन्यांनी भरून निघाली होती. विदर्भाने हे ठरवून केले की आपोआप झाले, हे बाहेरून कोणाला सांगता येणार नाही, आणि माझी तक्रार नेमकी इथेच आहे. आपोआप झालेले पुन्हा आपोआप होईलच, याची हमी कोण देणार?

त्याच अंतिम सामन्यातली सुरुवात मात्र सावध करणारी आहे. जामठ्यावर विदर्भाने डावखुरा फिरकीपटू पार्थ रेखडेला सलामीला पाठवले आणि वेगवान गोलंदाज दर्शन नळकांडेला तिसऱ्या क्रमांकावर. पार्थ शून्यावर गेला, दर्शन एका धावेवर, आणि बघता बघता धावफलक ३ बाद २४ झाला. पुढे दानिश मालेवार आणि करुण नायर यांनी २१५ धावांची भागीदारी केली, म्हणून तो प्रयोग फारसा कोणाच्या लक्षात राहिला नाही. फलंदाजीत ही फिरवाफिरव फसली, यात वाद नाही. पण केरळचा डाव आला तेव्हा पार्थ, दर्शन आणि हर्ष या तिघांनी प्रत्येकी तीन बळी घेतले, विदर्भाला ३७ धावांची आघाडी मिळाली आणि सामना अनिर्णित राहिल्यावर त्याच आघाडीवर विजेता ठरला. त्याआधीच्या मुंबईविरुद्धच्या उपांत्य सामन्यात याच पार्थने एका षटकात अजिंक्य रहाणे, सूर्यकुमार यादव आणि शिवम दुबे यांना बाद केले होते. तेव्हा त्याच्या प्रथम श्रेणी कारकिर्दीला नुकती कुठे सुरुवात झाली होती. यातून मी घेतलेला अर्थ असा की खेळाडू फिरवताना त्याचे काम फिरवू नये. नव्या मुलाला ज्या कामासाठी आणले, ते काम मोठ्या सामन्यातही त्याने चोख केले. जे त्याचे नव्हते, ते त्याच्या गळ्यात मारले तेव्हा ते जमले नाही.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. प्रत्येक सामन्यात तुमचे सर्वोत्तम अकराजण उतरवा, एरवी खेळायचे कशाला? प्रेक्षक तिकीट काढतो तो उमेशला बघायला, बाराव्याला नव्हे. एनबीएलाही हा प्रश्न सुटलेला नाही. नोव्हेंबर २०१२ मध्ये पोपोविच यांनी मायामीतल्या सामन्याआधी टिम डंकनसह चार प्रमुख खेळाडूंना घरी पाठवले, तेव्हा लीगने स्पर्सला अडीच लाख डॉलरचा दंड ठोठावला. पुढे २०२३-२४ पासून नियमच केला की ८२ पैकी किमान ६५ सामने खेळल्याशिवाय मोसमाच्या प्रमुख पुरस्कारांसाठी विचार होणार नाही. शिवाय उलटे उदाहरणही आहे. टॉम थिबोडो हे प्रशिक्षक आपल्या सुरुवातीच्या पाचांना दमेपर्यंत खेळवण्यासाठी प्रसिद्ध. त्यांच्या न्यूयॉर्क निक्सने २०२५ मध्ये २५ वर्षांनंतर पूर्व विभागाची अंतिम फेरी गाठली. तेव्हा फिरवाफिरव हा यशाचा एकमेव मार्ग आहे, असे म्हणणे खोटे ठरेल. पण स्पर्सला झालेल्या दंडामागे वेळेत न कळवल्याचा रोषही होता, हे विसरू नये.

आपल्या डोळ्यांसमोरचे ताजे उदाहरण जसप्रीत बुमराहचे. २०२५ च्या इंग्लंड दौऱ्याआधीच जाहीर झाले होते की तो पाचपैकी तीनच कसोटी खेळेल. तो लीड्स, लॉर्ड्स आणि मँचेस्टरला खेळला. भारताने जिंकले ते बर्मिंगहॅम आणि ओव्हल, म्हणजे तो नसलेले दोन सामने. बर्मिंगहॅमला त्याच्या जागी आलेल्या आकाशदीपने दहा बळी घेतले. यावरून बुमराहशिवाय भारत बरा, असा अर्थ काढणाऱ्यांना हात जोडलेले बरे. मात्र बदली खेळाडूला आपण कधी खेळणार याची आधीच कल्पना असेल, तर तो तयारीने उतरतो, एवढे तरी यातून दिसते. आता नाण्याची दुसरी बाजू. मोहम्मद सिराज त्याच मालिकेत पाचही कसोटी खेळला, १८५ षटकांहून अधिक टाकली, सर्वाधिक २३ बळी घेतले आणि ओव्हलचा सहा धावांचा विजय त्यानेच खेचून आणला. म्हणजे एकाला जपले, दुसऱ्याला राबवले, आणि दोन्ही निर्णय बरोबर ठरले. सगळ्यांना एकाच मापाने मोजायचे नसते. कोणाच्या शरीराला काय झेपते, हे ज्याचे त्याचे ठरवावे लागते. हर्षसारख्या फिरकीपटूने मोसमातले सगळे सामने खेळावेत आणि वेगवान गोलंदाजाने सहाच, यात अन्याय काही नाही.

फसलेले उदाहरणही याच देशात घडले. २०२१ च्या सुरुवातीला इंग्लंडचा संघ भारतात आला तो खेळाडूंना पाळीपाळीने घरी पाठवण्याचे वेळापत्रक घेऊन. करोनाच्या निर्बंधांत महिनोन् महिने कोंडून राहणाऱ्या खेळाडूंसाठी तो हेतू माणुसकीचाच होता. चेन्नईतला पहिला सामना त्यांनी २२७ धावांनी जिंकला आणि लगेच जोस बटलर मायदेशी गेला. दुसऱ्या कसोटीत मोईन अलीने आठ बळी घेतले आणि तोही परतला. अहमदाबादच्या तिसऱ्या कसोटीत चेंडू पहिल्या दिवसापासून हातभर वळत असताना इंग्लंडच्या अकराजणांत जॅक लीच हा एकच कसलेला फिरकीपटू होता. कर्णधार जो रूटला स्वतः चेंडू हातात घ्यावा लागला आणि त्याने आठ धावांत पाच बळी घेतले! दोन दिवसांत सामना हरला, मालिकाही ३-१ अशी गेली. इथे चूक खेळाडू बदलण्यात नव्हती. कॅलेंडर बघून बदल केले, खेळपट्टी बघून केले नाहीत, ही होती. विदर्भाने आराखडा करायचा तर त्यात तारखांइतकेच मैदानांचे नाव हवे: जामठ्याला तिसरा फिरकीपटू कोण, बाहेरच्या हिरव्या खेळपट्टीवर चौथा वेगवान कोण, आणि ते दोघे त्या सामन्याआधीच्या महिन्यात कुठे गोलंदाजी करत असतील.

यातला शेवटचा भाग सर्वांत दुर्लक्षित. नेटमध्ये चेंडू टाकून गोलंदाज तयार होत नाही, त्याला सामना लागतो. विदर्भ क्रिकेट संघटनेकडे यासाठी साधने आहेत. २३ वर्षांखालील संघ आहे, स्थानिक क्लब सामने आहेत, जून २०२५ पासून जामठ्यावर विदर्भ प्रो टी-२० लीगही सुरू झाली. पण चार षटकांच्या कोट्याने चार दिवसांच्या सामन्याचा दम येत नाही. रणजी संघातून विश्रांती मिळालेल्या खेळाडूने त्या आठवड्यात पूर्ण आराम करायचा, आणि राखीव खेळाडूने संघाबरोबर पाण्याच्या बाटल्या वाहत न फिरता दुसरीकडे लांब सामना खेळायचा, हे उलटसुलट होऊ नये म्हणून तरी कागद हवा.

तिसरा आक्षेप मला सगळ्यांत कळीचा वाटतो, कारण तो तंत्राचा नाही, विश्वासाचा आहे. फिरवाफिरवीच्या नावाखाली वशिला घुसतो. ज्याला वगळायचे त्याला ‘विश्रांती’ दिली म्हणायचे, ज्याला घ्यायचे त्याला ‘संधी’. भारतीय क्रिकेटमध्ये या दोन शब्दांनी अनेकांचे नुकसान केले आहे आणि ही भीती निराधार मुळीच नाही. पण विचार करा, आजच्या पद्धतीत वशिल्याला आडकाठी कुठे आहे? प्रत्येक सामन्याआधी बंद दाराआड घेतलेला निर्णय आणि ऑक्टोबरात लिहून खेळाडूंच्या हाती दिलेला आराखडा, यांतल्या कशात हातचलाखी करणे सोपे? लिहिलेले बदलावे लागेल, दुखापत होईल, कोणाचा सूर हरवेल. मग बदलाचे कारणही लिहावे. प्रतिस्पर्ध्याला डावपेच कळू नयेत म्हणून तो आराखडा मोसमात जाहीर करू नये, हे मान्य. मोसम संपल्यावर संघटनेने तो आपल्या सभासदांपुढे ठेवावा आणि ठरवलेल्या ११० जागा प्रत्यक्षात कोणाला मिळाल्या ते दाखवावे. बास्केटबॉलमध्ये प्रत्येक खेळाडूची मिनिटे सामना संपताच सगळ्या जगाला दिसतात, म्हणून तिथल्या प्रशिक्षकाला उत्तर देणे भाग पडते.

स्थैर्याचा मुद्दा काहीजण मांडतील. फलंदाजाला दोन अपयशांनंतर जागा जाण्याची धास्ती असेल तर तो मोकळा खेळत नाही, म्हणून संघ स्थिर हवा. अगदी बरोबर, पण धास्ती बदलाने येत नाही, अनिश्चिततेने येते. पहिले पाच सामने तुझे, मग बघू, असे ज्याला सांगितले आहे तो, काहीच न सांगता दहा सामने खेळवल्या जाणाऱ्यापेक्षा निर्धास्त असतो. सलामीची जोडी आणि मधली फळी शक्यतो हलवू नये, गोलंदाज मात्र फिरवावेत, असा साधा भेद केला तरी बराच गोंधळ कमी होईल.

आणि ज्यांना काहीच सांगितले जात नाही, ते एक दिवस जातात. विदर्भाकडे दोन चांगले यष्टीरक्षक होते. अक्षय वाडकर कर्णधार झाल्यावर लाल चेंडूच्या संघातली ती जागा जवळजवळ कायमची भरली गेली. जितेश शर्मा भारताकडून टी-२० खेळला, २०२५ मध्ये आयपीएल जिंकणाऱ्या बंगळुरू संघातही होता, पण विदर्भासाठी त्याच्या वाट्याला प्रथम श्रेणी सामने मोजकेच आले. २०२५-२६ साठी त्याने बडोद्याची वाट धरली. त्याचे खरे कारण त्यालाच ठाऊक, आणि कर्णधाराला बसवून त्याला खेळवा असे कोणी म्हणणार नाही. तरी सात साखळी सामन्यांपैकी दोनदा जितेशला यष्टीरक्षक म्हणून घेता आले असते का, वाडकरने त्या दोन सामन्यांत यष्टींमागे उभे न राहता फक्त नेतृत्व आणि फलंदाजी केली असती का, हे प्रश्न मोसमाआधी कोणी विचारले होते काय? यष्टीरक्षणासाठी दोन दावेदार पुढच्या मोसमातही असतील. त्यांना ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात काय सांगायचे, ते निवड समितीने सप्टेंबरातच ठरवायला हवे.